शाकाहारी कपी: अमोनिया अखेर गेला

मंडळी, अमोनिया गेला! कपी म्हणजे थायलंडची कोळंबीची मुरवलेली पेस्ट. ती सोयाबीन आंबवून शाकाहारी करायची माझी खटपट अमोनियाच्या वासावर अडली होती. मागच्या नोंदीत म्हटलं होतं की हा वास गेला नाही तर कपीचा नाद सोडून द्यायचा. ती वेळ आली नाही, म्हणून आजची नोंद जरा लांबणार आहे.

आधी नाम प्लाबद्दल, म्हणजे थाई फिश सॉसबद्दल, थोडक्यात. ते प्रकरण माझ्यापुरतं मिटलंय. अननसाचा रस, कोम्बू (समुद्री शेवाळ), सुक्या शिताके मश्रूमचं पाणी आणि भरपूर मीठ हे मंद आचेवर आटवलं की सोम तम (कच्च्या पपईची थाई कोशिंबीर) उत्तम होतं. नाम प्ला पातळ असतं, त्याचं मुख्य काम खारटपणा आणि उमामी (रश्श्यासारखी भरीव चव) देणं, आणि ते काम वनस्पती करू शकतात. त्यात आता फार बदल करणार नाही.

कपीचं तसं नाही. कपी म्हणजे आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून मुरवलेली. थाई करी पेस्टचा पायाच तो. बाजारातल्या बऱ्याच थाई ग्रीन करी पेस्टमध्ये ती असते, त्यामुळे आपल्याकडच्या पाकिटावर मांसाहाराची खूण असलेला तपकिरी त्रिकोण दिसतो. कपी वगळून वाटण केलं तर करी गोडसर नारळाच्या रश्शासारखी लागते, मागे काहीच उरत नाही. त्याजागी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) घाला असं सगळीकडे सांगतात. माझं मत ठाम आहे, घालू नका. मिसोतल्या कोजी बुरशीने स्टार्चची साखर केलेली असते, ती गोडी करीत वर येते. नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पूडही वापरून झाली. तिचा समुद्राचा वास उडून जाणारा, नारळाच्या दुधात उकळी आली की संपला.

मग उत्तर थायलंडकडे वळले. तिथे समुद्र लांब, त्यामुळे डोंगरातली माणसं पूर्वीपासून बऱ्याच पदार्थांत कपीच्या जागी थुआ नाओ वापरतात. उकडलेलं सोयाबीन पानांत गुंडाळून आंबवायचं, कुटायचं, पातळ चकत्या थापायच्या आणि उन्हात वाळवायच्या. नागालँडचं अखुनी, मणिपूरचं हवाइजार, मेघालयाचं तुंगरिम्बाई, सिक्कीम-नेपाळचं किनेमा, जपानचं नातो ही सगळी याच घरातली भावंडं. काम करतो तो बॅसिलस सबटिलिस हा जंतू. त्याचे बीजाणू उकळीतही टिकतात, म्हणून विरजण न घालताही जमतं. तो प्रथिनं फोडतो, उमामी देणारं ग्लुटामेट मोकळं होतं, आणि समुद्राचा काही संबंध नसताना कपीच्या जवळ जाणारा उग्रपणा तयार होतो. ज्यांना कोळंबी मिळत नव्हती त्यांनीच हा प्रश्न कधीचा सोडवून ठेवलाय. आपण उगाच समुद्रातच उत्तर शोधत बसलो.

पण अमोनियाने जीव काढला. सोयाबीन रात्रभर भिजवून, बोटांत चिरडेपर्यंत शिजवून, थर्माकोलच्या डब्यात ठेवायचे. एका दिवसात वर पांढरट पापुद्रा येतो, चमच्याने उचललं की तार सुटते. इथवर सगळं छान. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी. अमिनो आम्लं मोकळी झाली की जंतू त्यांनाही फोडायला लागतो, त्यातून अमोनिया निघतो, मिश्रण अल्कधर्मी होतं. पीएचची पट्टी ८ च्या पुढे जायची. थोडा अमोनिया असणारच, अखुनीलाही असतो. पण करीत तो वर आला की दुसरं काही लागतच नाही.

कारण शोधताना प्रोब थर्मामीटर दाण्यांच्या मधोमध खुपसून ठेवला. डब्यातली हवा ३८ अंश असताना दाण्यांच्या पोटात ४६ दिसलं. आंबण्याची स्वतःची उष्णता असते, जाड थरात ती अडकून पडते. शिवाय या जंतूला हवा लागते, ती जाड थरात खालपर्यंत पोचत नाही. आता दाणे स्टीलच्या ताटात जेमतेम दोन सेंटिमीटर पसरते, वर ओलसर मलमल, डब्याच्या झाकणाला भोकं. आतलं तापमान ४० च्या आसपास राहतं. तार धरून शेंगदाण्याचा वास आला की लगेच थांबवायचं आणि बारा टक्के मीठ घालून कुटायचं.

याने अमोनिया निम्म्यावर आला. उरलेला भाजल्यावर गेला, आणि खरी गंमत तिथेच आहे. थायलंडमध्ये थुआ नाओची चकती वाटणात टाकण्याआधी निखाऱ्यावर भाजतात, कपीही केळीच्या पानात बांधून भाजतात. मी ते नुसतं चवीसाठी समजत होते. पण अमोनिया मुळात उडून जाणारा, अल्कधर्मी मिश्रणात तर अधिकच. चकती वाळताना थोडा जातो, आच लागली की उरलेला. गॅसवर जाळी ठेवून चकती उलटसुलट केली, कडा तपकिरी झाल्या, आणि स्वयंपाकघरात वास बदलला. आधी झोंबणारा, मग काही क्षण काहीच नाही, मग भाजलेल्या जवळ्याच्या अगदी शेजारचा. भाजल्यावर पायराझिन्स (भाजल्याचा वास देणारी संयुगं) तयार होतात, तेच हे काम करत असणार असं मी धरून चालले आहे.

कसोटी घेतली ती नाम प्रिक कपीवर (कपीच्या तिखट थाई चटणीवर), कारण त्यात लपायला जागा नसते. भाजलेली चकती, लसूण, लवंगी मिरची, ताडगूळ, लिंबू, सगळं खलबत्त्यात. शेजारच्या मालवणच्या मावशी जवळ्यावर वाढलेल्या, त्यांना वाटी नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "वास बरोबर आहे गो, पण दाताखाली काय येत नाय. आणि मीठ लगेच लागतं, मागून येत नाय." शंभर टक्के बरोबर. जवळ्याला कवचाची किंचित खरखर असते, आणि चव घोट गिळल्यावरही राहते. माझी चकती गुळगुळीत होती.

त्यामुळे बेत बदलला. पुढच्या खेपेला नातोचं विरजण वापरणार होते, ते आता मागे. आधी दाणा बदलायचा. आपल्याकडचं पिवळं सोयाबीन मोठं असतं. कुमाऊंचं काळं भट लहान, त्याची सालं जास्त, ती अर्धवट कुटून ठेवली तर खरखर मिळेल. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलेल्या भटात अर्धे दाणे किडके निघाले, तेव्हा चांगलं भट कुठे मिळतं ठाऊक असेल तर सांगा. तयार अखुनी ईशान्येकडच्या दुकानांत मिळतं आणि चांगलंही असतं. मात्र तिथे ते बहुधा सुक्या मासळीच्या शेजारी ठेवलेलं असतं आणि वास पकडतं. घरात कडक शाकाहारी कोणी असेल तर आधी चौकशी करा.

मागून येणाऱ्या चवीसाठी शिताके. ग्लुटामेटसोबत ग्वानिलेट (उमामी वाढवणारं दुसरं संयुग) असलं की उमामी दोघांच्या बेरजेपेक्षा किती तरी वाढते, आणि सुक्या शिताकेत ते मिळवता येतं. चकत्या थापतानाच शिताकेची पूड मिसळावी असं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की ते चालणार नाही. ग्वानिलेट तयार व्हायला शिताके आधी थंड पाण्यात भिजवून मग तापवावे लागतात, ६० ते ७० अंशांच्या टप्प्यात ते चांगलं बनतं. म्हणजे पूड नको. भिजवून, त्या टप्प्यात थोडा वेळ ठेवून, पाण्यासकट वाटून, आटवून घट्ट गोळा करायचा आणि कुटलेल्या दाण्यांत मिसळायचा.

चिंचेचा कोळही चकतीतच घालायचा विचार होता, तोही रद्द. आंबट पडलं की अमोनिया मीठरूपात बांधला जातो, वास लपतो पण तो आतच राहतो, भाजून घालवता येत नाही. आंबट जे काय घालायचं ते भाजल्यानंतर खलबत्त्यात.

वाळवण्याचा प्रश्न उरतोच. पावसात चकत्यांवर हिरवी बुरशी येते, आणि तशी चकती सरळ टाकून द्यायची, खरवडून वापरायची नाही. पंख्याखाली जाळीवर ठेवून काम भागतंय, पण पाच मिलिमीटरपेक्षा जाड थापली तर मधे ओल राहते. वाळलेल्या चकत्या फ्रीजमध्ये, आणि भाजल्याशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत. भटाची खेप लावली की मावशींकडे वाटी परत जाईल, त्या काय म्हणतात ते कळवते.