उद्यमबागेतून हेलिकॉप्टरच्या केबिनपर्यंत : आमची वाटचाल

बेळगावात हेलिकॉप्टरच्या एसीचं काम होतं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "मग हेलिकॉप्टर उतरतंय कुठं तुमच्यात?" उतरत नाही. आमच्या शेडसमोर टेम्पो वळवायचा झाला तरी शेजारच्या फाउंड्रीतल्या पोरांना मोटारसायकली बाजूला घ्यायला सांगाव्या लागतात. आमच्याकडे येतात ते सुटे भाग, खोक्यांत भरून, प्रत्येकाच्या गळ्यात टॅग बांधलेला : कॉम्प्रेसर, कूलिंग कॉइल, कंडेन्सर, ब्लोअरची मोटर, होजपाइप. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आमची माणसं हत्यारांच्या पेट्या घेऊन मुंबईला जुहूच्या विमानतळावर किंवा बेंगळुरूला जातात. तिथं मान्यताप्राप्त संस्थेच्या हँगरमध्ये, त्यांच्या लायसन्सधारक इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम करतात. सही त्याची असते, आमची नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या धंद्याचं सगळं इंगित त्या सहीत आहे.

सुरुवात आण्णांनी केली, म्हणजे आमच्या वडिलांनी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका हायड्रॉलिक पंपाच्या कारखान्यात लेथवर होते. संध्याकाळी सुटल्यावर टिळकवाडी-शहापुरातले फ्रिज आणि हॉटेलांतले वॉटर कूलर बघायचे. पुढे नोकरी सोडून एक गाळा घेतला. तेव्हा पुणे-बेंगळुरू हायवेवर खासगी एसी बस वाढत होत्या आणि बेळगाव बरोबर मधल्या टप्प्यावर. रात्री कॉम्प्रेसरचा बेल्ट तुटलेली बस पहाटेपर्यंत चालू करून द्यायची, हा आमचा पहिला खरा धंदा. मी आणि धाकटा भाऊ त्यातच मोठे झालो.

त्याच काळात एसीत भरायचा आर-१२ गॅस जाऊन आर-१३४ए आला. १९८७च्या माँट्रियल करारानं ओझोनचा थर खाणारे गॅस टप्प्याटप्प्यानं बंद करायचे ठरले होते, त्यात आर-१२ होता. गावातल्या बऱ्याच मेकॅनिकांना वाटलं, बाटली बदलली की झालं. पण आर-१२ बरोबर चालणारं मिनरल ऑइल आर-१३४एमध्ये मिसळत नाही. ते कॉइलमध्ये साचून राहतं, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. त्याला पीएजी किंवा एस्टर जातीचं तेल लागतं, ओ-रिंगही वेगळ्या रबराच्या लागतात. आण्णांनी हे पुस्तक वाचून, न कळलेला भाग ओळखीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांकडून समजावून घेऊन पक्कं केलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. मॅन्युअल उघडल्याशिवाय पाना उचलायचा नाही, ही शिस्त आमच्याकडे विमानवाल्यांनी आणली नाही, ती आण्णांची आहे.

हेलिकॉप्टरशी संबंध आला तो मात्र एसीमुळं नाही, लेथमुळं. बेंगळुरूच्या एका पार्टीला नायट्रोजननं लीक टेस्ट करायचं बेंच हवं होतं, निरनिराळ्या मापांच्या फिटिंग आणि अडॉप्टरसकट. बेळगावात हायड्रॉलिक्सचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, दाबाखाली न गळणारा जोड कसा करायचा हे इथल्या टर्नरला विचारावं लागत नाही. पुढे हत्तरगीला हायवेलगत विमानाच्या भागांचं सेझ उभं राहिलं आणि ट्रेसेबिलिटी (भाग कुठून आला त्याचा माग), फर्स्ट आर्टिकल (पहिल्या नगाची तपासणी), कॅलिब्रेशन (मापाची साधनं बरोबर दाखवतात का याची पडताळणी) हे शब्द इथल्या चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागले. आम्ही बेंच करून दिलं. ते बसवायला गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर हेलिकॉप्टरचा एक कॉम्प्रेसर उघडून ठेवलेला होता. भाऊ माझ्या कानात म्हणाला, "दादा, ह्यो तर आपला गाडीचाच हाय की."

तो चुकला नव्हता. लहान-मध्यम हेलिकॉप्टरांच्या बऱ्याच एसी किटमध्ये कॉम्प्रेसर मोटारगाडीच्या घराण्यातलाच असतो. चक्रही तेच : कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, ड्रायर त्यातला ओलावा धरतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो सुटतो आणि कूलिंग कॉइलमध्ये उकळताना केबिनची उष्णता ओढून घेतो. फरक भोवतालात आहे. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. हेलिकॉप्टरमध्ये तो कुठं बेल्टनं रोटरच्या ड्राइव्हवरून फिरवतात, कुठं २८ व्होल्टच्या डीसी मोटरनं. म्हणजे पायलटला गारवा मिळतो तो उड्डाणाच्या ताकदीतून कापून. म्हणून फ्लाइट मॅन्युअलमध्ये एसी केव्हा चालू ठेवायचा आणि केव्हा बंद करायचा याच्या अटी असतात. वजन जास्त, ऊन कडक, जागा उंचावरची, अशा वेळी आधी एसी बंद होतो. पायलट घामानं भिजतो, पण उतारू सुखरूप वर जातात.

आणि तरीही तो एसी चैन नाही. समोर, बाजूला, कधी पायाखालीसुद्धा पारदर्शक काच, वर ऊन. मे महिन्यात विजापूर-बागलकोट बाजूला मैदानात तासभर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरमध्ये बसून बघा, मग बोला.

तर तो कॉम्प्रेसर. दिसतो गाडीचाच, पण बाजारातून आणून बसवता येत नाही. पार्ट नंबर मंजूर कागदपत्रातलाच हवा, सोबत रिलीज सर्टिफिकेट हवं. आपल्याकडं डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या व्यवस्थेत त्याला सीए फॉर्म १ म्हणतात. दुरुस्त केलेला भाग असेल तरी तेच. आणि दुरुस्तीनंतर ते सर्टिफिकेट द्यायचा अधिकार फक्त सीएआर-१४५ खाली, म्हणजे डीजीसीएच्या देखभाल-दुरुस्तीच्या नियमांखाली, मान्यता असलेल्या संस्थेला. सुट्या भागांच्या मान्यतेत एअर कंडिशनिंग आणि प्रेशरायझेशनचा गट सी-१. आम्ही अशा एका संस्थेच्या क्वालिटी सिस्टिमखाली सब-काँट्रॅक्टर म्हणून काम करतो. त्यांचा ऑडिटर येऊन आमचे टॉर्क पाने, गेज, वजनकाटा सगळ्यांच्या कॅलिब्रेशनच्या तारखा बघतो. पहिल्या ऑडिटला त्यानं विचारलं, "हा ओ-रिंगचा डबा कधी उघडला?" बसच्या धंद्यात हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. रबराला शेल्फ लाइफ असतं, पाकिटावर क्युअर डेट, म्हणजे रबर पक्कं केल्याची तारीख असते. त्यानंतर आमचं स्टोअर बदललं.

काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण या व्यवसायातली खरी गोडी तिथं आहे. सिस्टिम उघडायच्या आधी त्यातला गॅस रिकव्हरी मशिनमध्ये ओढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जड आहे. गॅससोबत किती तेल बाहेर आलं ते मोजून लिहायचं, तेवढंच नवीन परत घालायचं. जोड सोडवताना दोन पाने : एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. नळी सुटली की त्याच क्षणी दोन्ही तोंडांना टोप्या. सिस्टिम उघडली की ड्रायर नवा. जुना कितीही चांगला दिसला तरी त्यानं हवेतला ओलावा पिऊन टाकलेला असतो. आत राहिलेलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठतं, मग एसी थोडा वेळ गार, थोडा वेळ गरम, असा खेळ चालतो. शिवाय पाणी आणि गॅस मिळून आम्ल तयार होतं आणि ते धातू खातं.

ओलाव्याशी आमचं वैर जुनं, कारण गाव बेळगाव. जून ते सप्टेंबर इथं भिंतीला बुरशी येते, शेजारी खानापूरकडं तर विचारू नका. पीएजी तेल हवेतलं पाणी झपाट्यानं शोषतं. अर्धी वापरलेली बाटली आमच्याकडे ठेवत नाहीत, लहान बाटल्या घेतो, महाग पडल्या तरी. तेलाचं काम ज्या खोलीत होतं तिथं ओलावा काढणारं यंत्र पावसाळाभर चालू असतं.

गॅस भरायच्या आधी आतली हवा आणि ओलावा पंपानं ओढून काढतात. त्या व्हॅक्यूमचीही इथली एक गंमत आहे. मुंबईत चांगला पंप लावला की गेजचा काटा पाऱ्याच्या एकोणतीस इंचांच्या वर जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथं हवेचाच दाब सव्वासत्तावीस इंचांच्या आसपास, मग काटा त्यापुढं जाणार कसा? मुंबईत शिकून आलेली पोरं पंप खराब आहे म्हणून तो खोलून बसतात. म्हणून आम्ही साध्या गेजवर विसंबत नाही, आतला खरा दाब मायक्रॉन या अगदी बारीक मापात दाखवणारा गेज लावतो. पंप बंद करून तो आकडा किती वेळ टिकतो ते बघतो. आकडा चढत जाऊन एका जागी थांबला तर आत ओलावा आहे, थांबायचं नाव न घेता चढत राहिला तर गळती.

मग गॅस, तोही वजनकाट्यावर. प्रेशर बघून "झाला भरून" म्हणणारा मेकॅनिक आमच्याकडे टिकत नाही. तीस अंशाला बंद सिस्टिममध्ये आर-१३४एचा दाब शंभर पीएसआयच्या जवळपास असतो, मग आत द्रव वाटीभर असो की बादलीभर. दाबावरून वजन कळत नाही.

शेवटी उरतं ते हेलिकॉप्टरचंच खास. कंपनामुळं होजपाइप कशावर घासतोय का, प्रत्येक क्लॅम्प जागेवर आहे का, बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, म्हणजे लॉकवायर, बरोबर दिशेनं ओढलंय का. नवीन भागाचं वजन जुन्यापेक्षा वेगळं असेल तर वेट-अँड-बॅलन्सच्या नोंदीत बदल. विजेची मोटर बदलली तर कंपासवर तिचा परिणाम होतो का ते तपासणं. मुंबईहून समुद्रातल्या तेलविहिरींकडं जाणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या कंडेन्सरची तऱ्हाच वेगळी. खाऱ्या हवेनं पत्र्याचे पातळ फिन पांढरे पडून हाताला भुकटी लागते. ते गोड्या पाण्यानं नियमित धुवावे लागतात. आमच्या भागात मीठ नाही, पण धूळ आहे.

धुळीवरून निवडणूक आठवली. प्रचाराच्या दिवसांत निपाणी, चिकोडी, कोल्हापूर, जत, सगळीकडं शाळेच्या आणि साखर कारखान्याच्या मैदानांवर हेलिकॉप्टरं उतरतात. टँकरनं पाणी मारलं तरी रोटरच्या वाऱ्यानं जी माती उठते ती थेट कंडेन्सरमध्ये जाऊन बसते. एका उन्हाळ्यात भर दुपारी फोन आला : सीमेजवळच्या एका मैदानावर हेलिकॉप्टर उभं आहे, आत गारवा येत नाही, साहेब अर्ध्या तासात निघणार, गाडीत भरता तसा थोडा गॅस मारून जावा की. पैसे मागाल तेवढे. आम्ही नाही म्हटलं. मैदानावर, इंजिनिअरच्या परवानगीशिवाय, नोंद न करता त्या यंत्राला हात लावायचा आम्हाला अधिकारच नव्हता. फोनवरच्या माणसानं बऱ्याच शिव्या दिल्या, मराठीत आणि कन्नडातही. मी त्याला एवढंच सांगितलं की एसी बंद ठेवून उडता येतं, तुमच्या इंजिनिअरला कंडेन्सर बघायला सांगा. त्या वर्षी त्या गिऱ्हाइकाचं काम गेलं. मला त्याची खंत नाही.

गॅसचाही धोका सांगायला हवा. गाडीच्या बाजारात लेबल एक आणि आत दुसरंच मिश्रण, कधी चक्क घरगुती गॅसच्या जातीचं ज्वलनशील मिश्रण, असे सिलिंडर फिरत असतात. गार छान करतात. म्हणून आमच्याकडं नवा सिलिंडर असो की रिकव्हर केलेला गॅस, आधी आयडेंटिफायरवर, म्हणजे आत कुठला गॅस आहे ते ओळखणाऱ्या यंत्रावर तपासणी. ते महागडं यंत्र घ्यायला भाऊ तयार नव्हता. आण्णांनी त्याला एका वाक्यात गप्प केलं : "हितं पेटलं तर रस्त्याकडंला थांबता येतंय. तिथं कुठं थांबणार?"

सीमाभागात असण्याचे ताप होते, कमी झाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाकडून आंतरराज्य विक्रीकराचा सी फॉर्म मिळवायचा म्हणजे एसी दुरुस्तीपेक्षा मोठं काम. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर हत्यारांची पेटी उघडून हे काय, ते काय, समजावताना अर्धा दिवस जायचा. आता ई-वे बिल दाखवलं की सुटतो. गॅसचा सिलिंडर मात्र आजही रस्त्यानंच जातो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं बेंगळुरूला माणूस भुर्रकन पोचतो, सिलिंडर सामानात नेता येत नाही. त्यामुळं माणूस आधी आणि सिलिंडर मागून, असा आमचा प्रवास.

वर्कशॉपमध्ये मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही चालतात. चंदगडकडून रोज येणारी पोरं आहेत, गोकाकची आहेत. जॉब कार्ड इंग्रजीत, कारण ऑडिटर ते वाचतो. पण रोज सकाळी कामाची उजळणी ज्याच्या त्याच्या भाषेत होते आणि समोरच्यानं ती आपल्या शब्दांत परत सांगावी लागते. ही कल्पना माझ्या भाचीची. तिनं मेकॅनिकल केलंय, आता क्वालिटी तीच बघते. परवा एका जुन्या कारागिरानं कुरकुर केली, "गॅस भरूलोय का परीक्षा देऊलोय?" ती म्हणाली, "दोन्ही, काका. आधी परीक्षा."

सध्या आम्ही स्वतःच्या सी-१ मान्यतेच्या तयारीत आहोत. त्यासाठी संस्थेची नियमपुस्तिका, म्हणजे एक्स्पोझिशन, लिहावी लागते : कोण कशाला जबाबदार, हत्यारं कुठं, नापास झालेला भाग कुठल्या कुलपात. भाचीनं निम्म्याहून जास्त लिहून काढलंय. नव्या शेडमध्ये सुट्या भागांची खोली वेगळी केली आहे, इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरच्या चाचणीसाठी २८ व्होल्टचा सप्लाय बसतोय. बस आणि रुग्णवाहिकांच्या एसीचं काम चालूच आहे, पगार त्यावर निघतात. फक्त ते पलीकडच्या जुन्या गाळ्यात. दोन्हीकडची हत्यारं मिसळलेली भाचीला चालत नाहीत, तिकडच्या पान्यांना पिवळा पट्टा, इकडच्यांना निळा.

आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेली मुलं-मुली आम्हाला हवी आहेत. अनुभव नसला तरी चालेल. पहिले काही महिने पाना हातात मिळणार नाही, टोप्या लावणं, टॅग बांधणं आणि वही लिहिणं एवढंच काम असतं. ते ज्याला जमतं त्याला पुढचं शिकवायला आण्णा अजून रोज अकराला येऊन बसतात.