रॅम वाढते, वजन कमी होत नाही

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की घरातले, मित्र, दुकानदार, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "रॅम किती?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, बहुतेक लॅपटॉपांत नंतर वाढवता येते, फाइली साठवणारी एसएसडी बदलता येते, बॅटरीसुद्धा नवी बसते. वजन, स्क्रीन, कीबोर्ड आणि प्रोसेसर मात्र घेताना जे पदरात पडेल ते शेवटपर्यंत. हातात पैसे मोजके असतील तर ते आधी या चार गोष्टींवर घालावेत आणि बाकीचं सवडीनं करावं.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर सोलापूरला, साखर पेठेत. वडील मागावर कामाला, आई विड्या वळते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती मिळते, ती आणि दिवाळीच्या बोनसमधले थोडे मिळून पंचवीस हजारांपर्यंत जमत होतं. तेवढ्यात नवा लॅपटॉप येत नाही असं नाही. येतो. साडेपंधरा इंची, प्लॅस्टिकचा, पावणेदोन किलोच्या आसपास, आतला प्रोसेसर अगदीच कामचलाऊ. मामाचं म्हणणं होतं, "नवं घे की गं, जुनं म्हणजे दुसऱ्याची कटकट." पण तो पावणेदोन किलोचा ठोकळा, वर त्याचा चार्जर, जर्नल, डबा, बाटली हे सगळं पाठीवर घेऊन शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून बसायचं मला होतं, मामाला नाही.

म्हणून कंपन्यांनी वापरून काढलेल्या बिझनेस लॅपटॉपांकडे वळले. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षांनी हे लॅपटॉप एकगठ्ठा बाहेर पडतात आणि फिरत फिरत आपल्या नवी पेठेतही येतात. बॉडी मजबूत, कीबोर्ड चांगला आणि मुख्य म्हणजे उघडून दुरुस्त करता येतील असे बनवलेले. बारा-तेरा इंचीत तीन घराणी सारखी समोर येतात : लेनोवोचे थिंकपॅड एक्स, डेलचे लॅटिट्यूड सात हजारवाले आणि एचपीचे एलिटबुक आठशेवाले.

थिंकपॅड एक्स 270 वर माझा जीव होता. 2017 चं मॉडेल, रॅमचा एक स्लॉट, आत एक बॅटरी आणि मागे एक काढता येणारी. मागची काढून दुसरी लावली तरी लॅपटॉप बंद पडत नाही. कॉलेजला याहून सोयीचं काय? पण प्रोसेसर सहाव्या किंवा सातव्या पिढीचा, आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. दुकानदार म्हणाला, "अकरा टाकून देतो की ताई, पळतंय मस्त." पळतं, खोटं नाही. इन्स्टॉल करताना होणाऱ्या तपासणीला बगल देऊन टाकता येतं. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढच्या अपडेटची हमी देत नाही. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांनी मात्र एक्स 270 बिनधास्त घ्यावा, लिनक्समधलं मिंट त्यावर छान चालतं. आमच्या प्रॅक्टिकलच्या सरांना विंडोजच लागतं, त्यामुळे माझा नाइलाज.

पुढचा एक्स 280 आठव्या पिढीचा, वजनाला हलका, दिसायलाही देखणा. पण त्याची रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, सोल्डर केलेली असते. आठ जीबीचा घेतला की जन्मभर आठच. ही गोष्ट बाहेरून कळत नाही आणि दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. उघडायची गरज नसते. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी एवढं बघायचं. खाली 'फॉर्म फॅक्टर'समोर 'सोडिम' लिहिलं असेल तर रॅम स्लॉटमध्ये आहे. 'रो ऑफ चिप्स' दिसलं की समजायचं, चिकटवलेली आहे. शेजारीच किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत तेही दिसतं.

शेवटी घेतला एलिटबुक 830 जी 5. आय 5 आठव्या पिढीचा, तेरा इंचांहून जरा मोठा फुल एचडी स्क्रीन, वजन साधारण एक किलो तीनशे-चारशे ग्रॅम. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे रॅमचे दोन स्लॉट, आणि त्यातला एक मोकळा. आठ जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, किंमत एकोणीस हजार. घासाघीस करून बॅगही घेतली. चार्जिंग टाइप-सीनंही होतं, त्यामुळे 65 वॉटचा एक छोटा चार्जर घेतला की फोन आणि लॅपटॉप दोन्हींचं भागतं. वजन काढताना चार्जरचं वजन कुणी धरत नाही, पण पाठीला ते लागतंच.

या मॉडेलमध्ये एक गोम आहे. काहींना 'शुअर व्ह्यू' नावाचा प्रायव्हसी स्क्रीन असतो, शेजारच्याला आपला मजकूर दिसू नये म्हणून. बँकेच्या साहेबाला ठीक, पण प्रोजेक्टसाठी तिघी एका स्क्रीनवर डोकं घालून बसणार असतील तर तो चालू असताना कडेच्या दोघींना फिकट धुकंच दिसतं. मला आधी दाखवलेला पीस तसाच होता. स्क्रीन थोडा तिरका करून बघितला आणि दुसरा काढायला सांगितला.

दुकानात आणखी दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. एक, सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन या : एचपीला एफ 10, थिंकपॅडला एफ 1, डेलला एफ 2. एका दुकानात तिथं पासवर्ड मागितला. मालक म्हणतो, "त्यात जायची गरजच काय तुला?" जुन्या कंपनीनं लावलेलं कुलूप असतं ते, उद्या काही अडलं की कुणाकडे जायचं? मी तिथून सरळ बाहेर पडले. दुसरं, कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाकलं की बॅटरीची कुंडली निघते. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असताना किती होती, 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आता किती उरली. माझ्यात पन्नास हजारांपैकी छत्तीस हजार मिलिवॉट-अवर उरले होते. त्यावर दुकानदाराशी बोलून पाचशे कमी करून घेतले. "अण्णा, हे बघा, तुमचंच मशीन सांगतंय," म्हटल्यावर तो हसला आणि मान्य केलं.

अपग्रेडचं खरं काम घरी. वर्षभर आठ जीबीवर काढलं. पायथन, मायएसक्यूएल, जावा याला काही अडचण नाही. मोबाइल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आला आणि त्यातला एमुलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, सुरू केला की क्रोम गपगार पडायचं. मोकळ्या स्लॉटसाठी आणखी आठ जीबीची डीडीआर 4 लॅपटॉप रॅम आणली. दुकानात 3200 मेगाहर्ट्झची महागडी पट्टी पुढे करत होते. या प्रोसेसरवर ती 2400 नंच चालणार, मग जास्तीचे पैसे कशाला? वापरलेली 2400 ची घेतली. हल्ली रॅमचे भाव इतके चढलेत की वापरलेलीच परवडते.

उघडताना आई विड्यांचं सूप घेऊन शेजारीच बसली होती, म्हणून आधी तिला लांब सरकवलं. तंबाखूची धूळ मदरबोर्डवर नको. तळाचे स्क्रू सैल केले. ते झाकणातच अडकून राहतात, हरवायची भीती नाही. झाकण नखानं कडेकडेनं उचललं तर आत पंख्याच्या तोंडाशी, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या तांब्याच्या पातळ पात्यांवर, करड्या रंगाची चक्क घडी बसलेली. सुताचा तूस! पलीकडच्या गल्लीत माग आहेत, खिडकी उघडी असते, वर्षभरात एवढं जमणारच. चिमट्यानं ओढलं तर पट्टी अख्खी निघाली, टॉवेलच्या काठासारखी. वडिलांनी हातात घेऊन बोटांत चुरली आणि म्हणाले, "आमच्याकडचंच आहे हे." बाकीचं ब्रशनं काढलं. फुंकर किंवा ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते.

बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा, मगच रॅमला हात लावायचा. पट्टी तिरकी खोचून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसतात. आवाज आला नाही तर बसलेली नाही. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन बराच वेळ काळाच राहतो. नवी रॅम ओळखायला मशीन तेवढा वेळ घेतं, घाबरून बटण दाबत सुटू नका. एमुलेटर आता सरळ चालतो. शिवाय दोन पट्ट्या असल्या की ग्राफिक्सलाही वेग मिळतो, कारण या लॅपटॉपचं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं.

एसएसडी अजून तीच आहे. 256 जीबी पुरते, प्रोजेक्ट ऑनलाइन, गिटहबवर आणि सिनेमे फोनवर. पुढे बदलली तरी विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. त्याचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, इन्स्टॉल केलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. नवी घेताना तेवढं बघा की एसएसडीच्या एनव्हीएमई आणि साटा या दोन्ही जातींच्या एम.2 पट्ट्या जवळपास सारख्याच दिसतात, पण प्रत्येक स्लॉट दोन्ही ओळखेलच असं नाही.

राहिली बॅटरी. एप्रिल-मे मध्ये सोलापूर बेचाळीस अंशांच्या पुढे जातं आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज, दोन्ही बाधतात. बायोसमधल्या बॅटरी हेल्थ मॅनेजरमधून मी चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवलंय. आणि लॅपटॉप चादरीवर ठेवत नाही. आपली चादर जाड, तळाच्या जाळ्या पार बुजतात. आईचा जुना लाकडी पाट आहे, त्यावर ठेवते.

धाकटा भाऊ आता बारावीत आहे. त्यानं परवा एका गेमिंग लॅपटॉपचा फोटो पाठवलाय, अडीच किलोचा. त्याला म्हटलं, आधी तेवढ्या वजनाची पुस्तकं दप्तरात भर आणि आठवडाभर क्लासला चालत जाऊन दाखव, मग मामाशी बोलू.