हरभऱ्याचं पहिलं पाणी अन् मर्क्युरी प्राइझचे 32 अल्बम

यंदा हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याला आमच्या फीडरची लाइन, म्हणजे शेतीची वीज, रात्रीची आली. दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप हलवायचे अन् मधे नुसतं बसायचं. झोप लागली की गेलं काम, म्हणून ठरवलं की मर्क्युरी प्राइझ जिंकलेले सगळे अल्बम ओळीनं ऐकून काढू. ब्रिटन अन् आयर्लंडच्या कलाकारांचं बक्षीस हे, 1992 ला सुरू झालं, दरवर्षी 12 अल्बम निवडतात, त्यातला एक जिंकतो. 2025 पर्यंत 34 झाले.

वावरात नेटवर्क नाही, त्यामुळे दुपारी खताला तालुक्याला गेलो की बस स्टँडवर बसून डाउनलोड करायचं अन् रात्री ऐकायचं, शफल बंद, गाणं पुढे ढकलायचं नाही. बक्षीस अख्ख्या अल्बमचं आहे ना. आमच्या भजन मंडळात तरी काय, आधी गजर, मग अभंग, गौळण, शेवटी भैरवी, कोणी मधेच भैरवी धरली तर म्हातारे टाळ खाली ठेवतात.

अडचण कानाची झाली. इअरफोन एकाच कानात, दुसरा मोटरीसाठी मोकळा ठेवावाच लागतो, पाइप निसटला की तिचा आवाज बदलतो. त्यामुळे पोर्टिसहेड बँडचा अल्बम (1995) मी अर्धाच ऐकला, डावीकडचे आवाज सगळे गायब. फोनच्या सेटिंगमधे मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंचे आवाज एकाच कानात, करता येतं हे चौथ्या रात्री समजलं बाप्पा!

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या रात्री तल्विन सिंग (1999) लागला, तबला ऐकला अन् राहवलं नाही, दोन्ही कानात घातले. तिकडं पाइपचं कपलिंग निसटलेलं, टॉर्च मारून बघतो तर धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) तीन ओळींत चिखल. तो पट्टा अजून पिवळा आहे. पण अल्बम ऐकला मी शेवटपर्यंत, खोटं कशाला बोलू.

एका रात्री बाबा चहा घेऊन आले, स्केप्टा (2016) चालू होता. एक कान त्यांना दिला. दोन मिनिटं ऐकून म्हणे, "हा माणूस बोलून रायला का गाऊन रायला?" मी म्हटलं रॅप आहे. "मंग रानडुकराले आयकव, स्पीकर लाव." लावला. त्या रात्री डुक्कर आलं नाही, श्रेय कोणाचं माहीत नाही.

पीजे हार्वीच एकटी दोनदा जिंकली, 2001 अन् 2011. पहिल्या वेळी कार्यक्रम नेमका 11 सप्टेंबरला अन् ती वॉशिंग्टनमधे अडकलेली, फोनवरूनच बोलली. मला तिचा दुसराच अल्बम जास्त आवडला, पहाटे चारला दव पडत असताना ऐकलेला.

आठ रात्रीत 32 झाले, 2023 च्या एझ्रा कलेक्टिव्हपर्यंत. जॅझवाल्यांना हे बक्षीस तेव्हा पहिल्यांदा मिळालं. इंग्लिश टीचर बँड (2024) अन् सॅम फेंडर (2025) राहिले, ते हरभऱ्याला घाटे धरताना दुसऱ्या पाण्याला.