कॉलिंडेल ते पोर्ट्समथ: समुद्रात उतरलेल्या बॉम्बरच्या मागावर

लंडनच्या नॉर्दर्न लाइनवर कॉलिंडेलला उतरलं की चालत दहा मिनिटांत हेंडनचं आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियम येतं. तिकीट नाही. इथल्या लँकॅस्टर या दुसऱ्या महायुद्धातल्या सात जणांच्या बॉम्बरपाशी गर्दी होते ती नाकाजवळ, कारण १३७ मोहिमांची खूण म्हणून तिथे बॉम्बच्या रांगा रंगवल्या आहेत. मी मात्र उजव्या पंखाच्या बुडाशी थांबलो. तिथे पत्र्याच्या झाकणाखाली सात जणांचा जीव घडी घालून ठेवलेला असे: पिवळा रबरी तराफा आणि तो फुगवणारी कार्बन डायऑक्साइडची बाटली. पाणी लागलं की स्विच चालू होऊन तराफा आपोआप फुगायचा. नाहीच फुगला, तर विमानाच्या आतून दोरी ओढायची.

पण वेळ तिथवर येण्याआधीच अर्धी लढाई झालेली असे. इंजिन गेलं किंवा पेट्रोल संपत आलं की पहिलं काम वायरलेसवाल्याचं. एसओएस पाठवायचा, जागा कळवायची आणि शेवटी कळ दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवायची, म्हणजे किनाऱ्यावरच्या केंद्रांना रेडिओलहरींच्या दिशेवरून ठिकाण काढता येई. माझ्या मते सुटकेतलं सगळ्यात मोलाचं काम हेच. उत्तर समुद्रात ठिकाण न कळलेला तराफा वरून शोधणं फार कठीण, आणि तिथलं थंडगार पाणी थांबत नाही.

बाकीचे तोवर छताच्या झडपा उघडून, स्पारला, म्हणजे पंखांच्या आडव्या तुळईला, पाठ टेकून, हात डोक्यामागे घेऊन बसत. बॉम्बकक्षाची दारं बंदच हवीत. उघडी राहिली तर पाणी आत घुसून नाक खाली जातं. मोठ्या लाटांच्या रांगेला समांतर, वेग शक्य तितका कमी करून, शेपूट आधी टेकवायची. रात्री पाण्यापासूनची उंची कळत नाही, तिथेच घात व्हायचा. तराफा कधी उलटा पडे. मग एकाने पाण्यात उतरून, दोरी धरून, मागे झुकत तो सुलटा करायचा. आत हातभाता, गळती बुजवायचे शंकूच्या आकाराचे बूच आणि बोथट टोकाची सुरी असे. टोकदार सुरीने तराफाच फाटला असता.

वॉटर्लूहून पोर्ट्समथ हार्बरची गाडी पकडली. गोदी स्टेशनला लागूनच आहे. इथे जपलेली एचएसएल १०२ ही ६४ फुटी वेगवान लाँच १९३६ची, साउदॅम्प्टनजवळच्या हाइदची. तिथेच काही वर्षं आधी टी. ई. लॉरेन्स (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’) यांनी आरएएफच्या लहान लाँचवर काम केलं होतं. १०२ला मुळात नेपियरची तीन पेट्रोल इंजिनं होती. १९४०च्या उन्हाळ्यात आरएएफकडे अशा लाँच मोजक्याच होत्या. समुद्री सुटकेचा स्वतंत्र विभाग उभा राहिला तो १९४१मध्ये. तराफ्याजवळ लाँच वारा येतो त्या बाजूला थांबवायची, म्हणजे आडोसा मिळतो आणि ती हळूहळू तराफ्याकडे सरकते. गारठलेल्या माणसाच्या बोटांत लाँचच्या कडेला सोडलेली जाळी धरायचीही ताकद उरत नाही, म्हणून खलाशीच जाळीवरून खाली उतरून त्याला वर ढकलत.

लाँच पोचायला उशीर लागेल अशा जागी विमानातून बोट टाकत. उफा फॉक्स यांनी आखलेली ही लाकडी बोट सहा पॅराशूटवर खाली येई. ५ मे १९४३ला ती पहिल्यांदा खऱ्या कामाला आली. पाण्यावर टेकताच अग्निबाण दोन्ही बाजूंना दोऱ्या फेकत, म्हणजे दमलेल्यांना पोहत जावं लागू नये. आत इंजिन, शिडं आणि ती कशी वापरायची याच्या सूचना.