तुम्ही विचारलंत म्हणून: हे आईकडून आलं की वडिलांकडून?

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटते तो आजार, आणि तो मेंदूपर्यंत पोचलाय, हे कळलं की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या बायका आधी हेच विचारतात. तिचं लग्नाचं वय, म्हणून विचारताना आवाज खाली येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सगळंच सांगते.

आम्हाला पहिल्यांदा शंका आली ती रांगोळीवरून. दर दिवाळीला ती ओटल्यावर पंधरा ते आठ ठिपके घालते, हातासरशी. त्या वर्षी तीनदा पुसून पुन्हा बसली. अकराव्या-बाराव्या ठिपक्याला गाडी अडायची आणि ती आपल्याच बोटांकडे बघत राहायची. बोटांचे सांधे सुजलेले होते, केस गळत होते, तोंड आलेलं होतं. हे सगळं टेन्शनमुळे आहे म्हणून एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यात चार महिने गेले. मग एका पहाटे तिला फिट आली. ते चार महिने मला अजून छळतात. तुमच्या घरी कुणाला असं विसरायला होत असेल आणि सोबत सांधे, ताप, पुरळ असेल, तर हे सगळं एकाच डॉक्टरला एकाच बैठकीत सांगा.

आता जनुकांचं. ल्युपसशी संबंध असलेल्या जागा आपल्या जनुकांमध्ये शंभराहून जास्त सापडल्या आहेत. बहुतेक अगदी साध्या, तुमच्या-माझ्यातही असतील अशा. एकेकीने काही होत नाही, बऱ्याच एकत्र आल्या की कल वाढतो. जुळ्या बहिणी, जनुकं तंतोतंत सारखी, तरी बहुतेक अभ्यासांत दोघींनाही ल्युपस होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी निघालंय. ऊन, संसर्ग, हॉर्मोन यांचाही वाटा असतो.

काही थोड्या घरांत मात्र एकच जनुक पुरतं. ट्रेक्स१ नावाचं जनुक पेशीत उरलेसुरले डीएनएचे तुकडे झाडून काढतं. ते बिघडलं की तुकडे साचतात, शरीराला वाटतं विषाणू शिरला, आणि ते इंटरफेरॉन हे विषाणूंविरुद्ध इशारा देणारं प्रथिन सोडत राहतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या तान्ह्या बाळांना एकार्दी-गुतिएर नावाचा मेंदूचा आजार होतो. त्याचं वर्णन १९८४ मध्ये झालं, या जनुकाशी नातं २००६ मध्ये कळलं. पुढच्याच वर्षी काही ल्युपसच्या रुग्णांतही याच जनुकातले बदल सापडले. सी१क्यू हे मेलेल्या पेशी उचलणारं प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नसतं, त्यांतल्या बहुतेकांना ल्युपस होतो. अशी माणसं फार विरळा.

मेंदूला धक्का बसतो तो बहुधा पुढच्या पायरीवर. अँटिबॉडी, म्हणजे स्वतःवरच उलटलेली संरक्षणाची प्रथिनं, रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडतात, किंवा रक्ताच्या गुठळ्या करून बारीक नळ्या बंद पाडतात. विसरणं, फिट येणं, भास होणं, लकवा, अशी मेंदू-नसांच्या त्रासाची १९ रूपं १९९९ मध्ये नोंदवली गेली. सरसकट सगळ्यांच्या मेंदूच्या ल्युपसला कारण ठरेल असं एक जनुक नाही. बहिणीची जनुकं तपासायची का, असं मी विचारलं होतं. तिचे आताचे डॉक्टर म्हणाले, अगदी लहानपणी झालं असतं किंवा घरात चौघा-पाचांना असतं तर तपासलं असतं.

ल्युपसच्या दर दहा रुग्णांत नऊ बायका असतात, म्हणून बोट आईकडे जातं. २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत टीएलआर७ या जनुकातला एका अक्षराचा बदल कारण म्हणून सापडला, आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पण मुलीला एक एक्स वडीलही देतातच ना!

हे मी आईसमोर बसून तिला समजावलं. तोवर तिने आपल्या माहेरच्या सगळ्या आजारी बायकांची नावं कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवली होती, सांधेदुखीवाली मावशीसुद्धा. तिने विचारलं, "म्हणजे माझ्याकडून नाही?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, थोडं तुझ्याकडून, थोडं बाबांकडून, आणि चूक कुणाचीच नाही. ती बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिली. मग उठली आणि बहिणीची रात्रीची गोळी काढून पाण्याचा पेला भरला.