खापर कुणाच्या माथी

आमच्या घरचं खापर माझ्याच हातून फुटलं, हे आधीच कबूल करते. नाहीतर ते कुणाच्या तरी माथी फोडावं लागलं असतं. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सकाळ होती. घागर भरून झाली होती, तिच्यावर डांगर (खरबूज) आणि आंबे ठेवून झाले होते, आणि मागच्या अंगणात चुलीवर खापर पालथं तापत होतं. तापलं की नाही ते बघायला पाण्याचे चार थेंब शिंपडायचे असतात. मी घाईत ओंजळच टाकली. 'टक्' असा आवाज झाला आणि काठापासून मध्यापर्यंत केसाएवढी रेघ उमटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुरणाच्या पातेल्यावर फक्त झाकण ठेवलं त्यांनी. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

इतरत्र खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. आम्हा खान्देशी लोकांचं खापर हे अख्खं भांडं असतं: परातीएवढं रुंद, पातळ, पाठ फुगीर. त्या पाठीवर मांडे भाजायचे. इथे पोळपाट-लाटण्याचं काही काम नाही. पुरण भरलेला सैल गोळा हातांवरच झुलवत, फिरवत मोठा करायचा; बघता बघता तो कोपरापर्यंत येतो, आणि मग अलगद खापरावर पसरायचा. जाळ वाढला की मध्यभाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. म्हणून एकीने मांडे करायचे, दुसरीने नुसती चूल सांभाळायची. दोघींच्या गप्पा मात्र थांबत नाहीत. पंगतीत कुणी कितीही भुकेला असो, मांडा त्याच्या वेळेनेच उतरतो.

त्या दिवशी पोळ्या लोखंडी तव्यावर झाल्या. पाहुण्यांनी रसात बुडवून गोड मानून घेतल्या.

आठवडाभराने कुंभाराकडे गेले. चाळलेल्या मातीत लीद कालवलेली होती. भट्टीत लीद जळून जाते आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. त्यातूनच घागर पाझरते, बाहेर आलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा या छिद्रांचं मोल कळतं. चाकावरून उतरलेलं भांडं आधी जाडजूडच असतं. आतून गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत ते पातळ करतात. पोटाला हात लावला की थापीचे ठोके बोटांना कळतात.

कुंभारीण एका घागरीवर खडूने वेल काढत होती, पान चुकलं की बोटाने पुसून पुन्हा. मला सावळद्याची भांडी आठवली. शहाद्याजवळ तापीकाठी हे गाव आहे, आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी संस्कृती सुमारे 4000 वर्षांपूर्वीची. तिच्या भांड्यांवर मासे, पक्षी, जनावरं, बाणाची टोकं रंगवलेली आहेत. मध्यंतरी पुण्याच्या एका दुकानात पिंपळपानाचा ठसा असलेला मग पाहिला. खाली चिठ्ठी, 'निसर्गप्रेरित'. किंमत बघून मी तो अलगद जागेवर ठेवला. सावळद्याच्या कारागिराला चिठ्ठीची गरज नव्हती. मासा तापीत होता, तोच भांड्यावर आला.

"वाजाडी देख माय," कुंभारीण म्हणाली. मी खापरावर बोटाचं पेर मारलं. खणखणीत वाजलं. दुसरं एक बद्द वाजलं, ते तिने स्वतःच बाजूला सारलं.

नवं खापर मंद जाळावर दोनदा तापवून मग वापरात काढलं. पहिला मांडा चिकटलाच, तो गाईला गेला. चौथा मात्र कागदासारखा सुटला. जुन्याचा एक तुकडा तुळशीच्या कुंडीत भोकावर बसलाय, उरलेले सासूबाईंनी कुठे ठेवलेत ते मी विचारलेलं नाही.

या गोष्टीला तीन आखाज्या झाल्या. मांडे आता माझ्या हातून बरे होतात. पाण्याची वाटी मात्र अजून सासूबाईंच्याच हातात असते.