बाथ ग्रीन पार्क, ओओ स्केल: छताची काच काढली

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या ग्रीन पार्क स्टेशनचा मॉडेल रेल्वे लेआउट बनवतोय, ओओ स्केलमध्ये (सुमारे १:७६). गेल्या महिन्यात त्याच्या छताचे दोन गाळे ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिक) कापून चकाचक केले होते. काल ब्लेड घेऊन बसलो आणि सगळी 'काच' खरवडून काढली. दोन रविवार पाण्यात.

चूक माझीच. आजचे फोटो समोर ठेवून काम करत होतो. आज छताला काच आहे, कारण १९८०च्या दशकात स्टेशनची डागडुजी झाली. आता त्या कमानीखाली बाजार भरतो. पण एप्रिल १९४२च्या बॉम्बहल्ल्यात फुटलेली काच रेल्वेने पुन्हा बसवलीच नव्हती. माझा लेआउट १९६२चा, म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा. पाऊस थेट डब्यांच्या टपावर!

१९६२च का? मिडलंड रेल्वेचं हे स्टेशन १८७०चं. १८७४ला बोर्नमथकडची समरसेट अँड डॉर्सेट लाइन येऊन मिळाली आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. रूळ इथेच संपतात. मँचेस्टरहून बोर्नमथला जाणारी पाइन्स एक्स्प्रेस आत शिरायची, इंजिन बफरपाशी अडकायचं, दुसरं इंजिन मागच्या टोकाला लागायचं आणि गाडी आल्या दिशेने बाहेर. बोर्नमथची लाइन फुटते ते जंक्शन ओलांडलं की ५०ला १चा चढ (५० फुटांत १ फूट वर). टेबलावर खेळायला याहून मजेदार स्टेशन मला तरी माहीत नाही.

८ सप्टेंबर १९६२ला शेवटची पाइन्स या वाटेने गेली, 'ईव्हनिंग स्टार' इंजिन आणि मागे बारा डबे. मग गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली, आणि ७ मार्च १९६६पासून स्टेशनच बंद. माझ्याकडे बारा डबे मावत नाहीत. एक डबा साधारण २६ सेंमी, टेबल आठ फुटी. पाचांवर भागवतोय, शुद्धतावाद्यांनी डोळे मिटावेत.

बाकी कामं: छताखालचे चारही रूळ टाकून झाले, त्यातले मधले दोन रूळ रिकामे डबे उभे करायला. दर्शनी भागाचा पुठ्ठा पावसाळी हवेने फुगला, आयोनिक खांब वाकडे झाले. आता एमडीएफमध्ये (दाबलेल्या लाकूडभुशाचा बोर्ड) पुन्हा कापणार. नावाच्या पाटीवर 'ग्रीन पार्क' चालेल, ते नाव १९५१मध्ये आलं. त्याआधीचा काळ करणाऱ्यांनी तेवढं सांभाळा.

काच काढल्यावर कमानींवर गोंदाचे पांढरे डाग राहिलेत. त्यावर काजळीचा रंग मारून बघतो.